आवळा देऊन कोहळा : गेम कन्सोलच्या किंमत-कपातीचा एक अभ्यास

वस्तूचा भाव उतरला की ग्राहक सुखावतो. पण भाव उतरवणाऱ्याच्या पदरात काय पडते, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. आठवडी बाजारात मेथीची जुडी दिवेलागणीला अर्ध्या भावात जाते. विकणाऱ्याला ठाऊक असते की रात्रीत ती सुकणार. न विकली तर पूर्ण तोटा, अर्ध्या भावात गेली तर अर्धा, एवढा सरळ हिशेब त्यामागे असतो. कारखान्यात तयार होणारी आणि वर्षानुवर्षे टिकणारी वस्तू तशी सुकत नाही. मग तिचा उत्पादक तिची किंमत का उतरवतो, केव्हा उतरवतो, आणि त्यातून त्याला खरोखर लाभ होतो का? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार आम्ही एका विशिष्ट वस्तूच्या आधारे करणार आहोत. ती वस्तू म्हणजे टीव्हीला जोडून किंवा हातात धरून खेळण्याचे यंत्र, अर्थात गेम कन्सोल.

स्मरणिकेच्या पानांत खेळण्याचा विषय कशासाठी, असे काही वाचकांच्या मनात येईल. त्याला आमचे उत्तर दुहेरी आहे. एक तर या धंद्याचा किंमत-इतिहास तारीखवार उपलब्ध आहे. कोणी कधी किती भाव उतरवला आणि त्यानंतर विक्री व ताळेबंद यांचे काय झाले, हे बव्हंशी तपासून पाहता येते. इतिहासाच्या अभ्यासकाला इतका स्वच्छ पुरावा फार थोड्या ठिकाणी लाभतो. दुसरे असे की, आज आपल्या घराघरांतील मुले मोबाइलवर जे ‘फुकट’ खेळ खेळतात, त्यांमागचे गणित हे या व्यवहाराचेच पुढचे रूप आहे. पालकांनी ते समजून घेणे अगत्याचे आहे.

व्यवहाराची बैठक

गेम कन्सोल म्हणजे मुख्यतः खेळासाठी बनवलेला संगणक. यंत्र एकदा घ्यायचे आणि त्यावर चालणारे खेळ पुढे अनेक वर्षे एकेक करून घेत राहायचे, अशी त्याची रचना असते. जपानमधील क्योतो शहरात १८८९ साली हानाफुदा नावाचे पत्ते बनवण्यासाठी सुरू झालेल्या निन्टेंडो या कंपनीने १९८३ च्या जुलैमध्ये फॅमिकॉम हे यंत्र १४,८०० येन किमतीला बाजारात आणले. नव्वदच्या दशकात आपल्याकडील शहरांतून टीव्हीला जोडण्याचे जे स्वस्त ‘व्हिडिओ गेम’ मिळू लागले, त्यांपैकी बरेचसे याच यंत्राच्या नकला होत्या.

फॅमिकॉमच्या काळात निन्टेंडोने एक प्रथा पक्की केली. इतर कंपन्यांनी आपल्या यंत्रासाठी खेळ जरूर बनवावेत, परंतु त्यासाठी परवाना घ्यावा आणि शुल्क भरावे. त्यामुळे यंत्र बनवणाऱ्याला मिळकतीचे दोन मार्ग लाभले. एक यंत्राच्या विक्रीचा, दुसरा खेळांच्या विक्रीचा. आणि या दुसऱ्या मार्गात स्वतःच्या खेळांचा नफाही आला व इतरांच्या खेळांवरील शुल्कही आले. पुढे हीच प्रथा संपूर्ण धंद्याने उचलली. आवळा देऊन कोहळा काढणे, असे आपल्याकडे म्हणतात. यंत्र हा आवळा, खेळ हा कोहळा. किंमत-कपातीचा प्रश्न खरे पाहता इतकाच आहे की, आवळा किती मोठा द्यावा आणि त्यामागून कोहळा निश्चित येईल याची खात्री कशी बाळगावी.

हिशेब मांडून पाहू

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका यंत्राची किंमत १०० रुपये आणि ते बनवून दुकानात पोहोचवण्याचा खर्च ८० रुपये आहे, असे समजा. प्रत्येक यंत्रामागे २० रुपये नफा. किंमत ९० वर आणली तर नफा १० वर येतो. केवळ यंत्राचाच विचार केला, तर पूर्वीइतका नफा मिळवण्यासाठी विक्री थेट दुप्पट व्हावी लागेल. भाव एक दशांशाने कमी केला म्हणून गिऱ्हाइके दुप्पट होतील, असे फार क्वचित घडते.

आता यात खेळांची मिळकत धरू. प्रत्येक ग्राहक यंत्राच्या आयुष्यात सहा खेळ घेतो आणि प्रत्येक खेळामागे कंपनीला ५ रुपये उरतात. म्हणजे एका ग्राहकामागे खेळांचे ३० रुपये. कपातीपूर्वी एका ग्राहकापासून एकूण ५० रुपये मिळत होते, कपातीनंतर ४० मिळतील. आता विक्री दुप्पट होण्याची गरज उरली नाही. शंभराच्या जागी सव्वाशे ग्राहक आले तरी हिशेब जुळतो. किंमत ७० वर, म्हणजे खर्चाच्याही खाली आणली, तर यंत्रामागे १० रुपये खोट बसेल. तरीही खेळांच्या ३० रुपयांमुळे ग्राहकामागे २० रुपये शिल्लक राहतील. मात्र या वेळी शंभराच्या जागी अडीचशे ग्राहक लागतील.

या गणितात एक खाच आहे. यंत्र निघाल्याबरोबर रांगेत उभा राहणारा ग्राहक खेळांचा हौशी असतो. भाव उतरेपर्यंत थांबणारा ग्राहक बेताने खर्च करणारा असतो. कपातीनंतर येणारे ग्राहक सहाऐवजी तीनच खेळ घेऊ लागले, तर ९० रुपयांच्या किमतीला ग्राहकामागे २५ रुपयेच उरतात आणि विक्री पुन्हा दुप्पट व्हावी लागते. सारांश, कपात फायद्याची की तोट्याची हे चार गोष्टींवर ठरते: बनवण्याचा खर्च किती, नवे ग्राहक किती, ते खेळ किती घेणार, आणि ते खेळ मुळात उपलब्ध आहेत का. आता ही चार परिमाणे हाती धरून प्रत्यक्ष इतिहासाकडे वळू.

सेगा आणि सोनी : शंभर डॉलरचे अंतर

मे १९९५ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे ई-थ्री हे प्रदर्शन पहिल्यांदाच भरले. जपानच्या सेगा कंपनीने तेथे जाहीर केले की, आपले सॅटर्न हे यंत्र ३९९ डॉलर किमतीला तत्काळ विक्रीस येत आहे. त्यानंतर सोनीचा प्रतिनिधी व्यासपीठावर आला आणि आपल्या प्लेस्टेशनच्या किमतीचा २९९ हा आकडा तेवढा उच्चारून परतला. प्लेस्टेशन अमेरिकेत येण्यास अजून चार महिने अवकाश होता, तरी स्पर्धेचे पारडे त्या दिवशीच झुकले.

सेगाने ऑक्टोबरमध्ये किंमत २९९ वर आणली. पुढच्या वर्षी मे महिन्यात दोन्ही यंत्रे १९९ डॉलरवर उतरली. वरकरणी सामना बरोबरीचा वाटतो. तो तसा नव्हता. सॅटर्नची अंतर्रचना गुंतागुंतीची होती. त्यात दोन मुख्य प्रक्रियक होते, सुटे भाग अधिक होते आणि ते एकत्र करून खर्च घटवणे अवघड होते. सोनी ही मुळातच इलेक्ट्रॉनिक वस्तूंची प्रचंड उत्पादक. तबकडी वाचणारे भाग ती स्वतः बनवत असे. दोघांनी सारखाच भाव उतरवला, तरी एकाच्या खर्चाला खाली येण्यास वाट होती आणि दुसऱ्याच्या खर्चाला नव्हती. अखेरीस प्लेस्टेशनची एकूण संख्या १० कोटींच्या पुढे गेली. सॅटर्न एक कोटीच्याही आत थांबले.

सेगाने त्यानंतर ड्रीमकास्ट हे यंत्र आणले. ९ सप्टेंबर १९९९ रोजी ते अमेरिकेत १९९ डॉलरला विक्रीस आले. आरंभ उत्तम झाला. परंतु सोनीचे प्लेस्टेशन २ येणार, त्यावर चित्रपटांच्या डीव्हीडीही पाहता येणार, ही वार्ता पसरली होती आणि पुष्कळ ग्राहक थांबून राहिले. २००० च्या उत्तरार्धात सेगाने किंमत १४९ वर आणली. जानेवारी २००१ च्या अखेरीस कंपनीने यंत्र बनवणेच बंद करीत असल्याचे जाहीर केले. उरलेला साठा ९९ डॉलरला आणि पुढे त्याहूनही कमी भावाने काढला गेला. संध्याकाळच्या मेथीचा हिशेब तो इथे लागू पडला. सेगाचे अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी कंपनी तगावी म्हणून स्वतःच्या मालकीचे सुमारे ८५ अब्ज येन किमतीचे समभाग कंपनीला देऊन टाकले आणि त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांचे निधन झाले. सेगा वाचली, पण ती खेळ बनवणारी कंपनी म्हणून. यंत्रांचा धंदा तिने कायमचा सोडला.

सोनीच्या पायऱ्या

याच्या उलट चित्र प्लेस्टेशन २ चे आहे. ऑक्टोबर २००० मध्ये ते अमेरिकेत २९९ डॉलरला आले. मे २००२ मध्ये १९९, २००३ मध्ये १७९, २००४ मध्ये १४९, २००६ मध्ये १२९ आणि २००९ मध्ये ९९, अशा पायऱ्यांनी त्याची किंमत उतरत गेली. या उतरणीचे मर्म कारखान्यात होते. आरंभी वेगवेगळ्या असलेल्या दोन मुख्य चिप सोनीने पुढे एकाच चिपमध्ये सामावल्या. २००४ मध्ये यंत्राचा आकार लहान आणि सडपातळ केला. खर्च आधी उतरला, किंमत त्याच्या मागोमाग उतरली. प्रत्येक पायरीवर असा एक नवा वर्ग ग्राहक होऊन आला, ज्याला वरच्या पायरीवरची किंमत परवडत नव्हती. तोवर खेळांचा साठाही प्रचंड झाला होता, त्यामुळे उशिरा आलेल्यालाही घेण्याजोगे पुष्कळ होते. हे यंत्र १५ कोटींहून अधिक विकले गेले. आजवर कोणत्याही कन्सोलची इतकी विक्री झालेली नाही.

हीच सोनी पुढच्या यंत्राच्या वेळी अडखळली. नोव्हेंबर २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ अमेरिकेत ४९९ आणि ५९९ डॉलर अशा दोन प्रकारांत आले. आयसप्लाय या संस्थेने यंत्र उघडून केलेल्या अंदाजानुसार महाग प्रकाराचा केवळ उत्पादनखर्चच ८४० डॉलरच्या घरात होता. ग्राहकाला महाग वाटणारी किंमतही उत्पादकाला तोट्याची होती, असा हा विचित्र प्रसंग. मार्च २००७ ला संपलेल्या वर्षात सोनीच्या खेळ विभागाला २३२.३ अब्ज येनचा तोटा झाला. कंपनीने काही भाग वगळले, जुन्या यंत्राचे खेळ चालवण्याची सोय काढली आणि वर्षभरात ३९९ डॉलरचा प्रकार आणला. सप्टेंबर २००९ मध्ये सडपातळ यंत्र २९९ डॉलरला दिले. विक्री सावरली आणि एकूण आकडा साडेआठ कोटींच्या पुढे गेला. परंतु आधीच्या यंत्राच्या जोरावर उभे केलेले निर्विवाद वर्चस्व या खेपेस गेले.

मायक्रोसॉफ्टचे उदाहरणही येथे नोंदवावे लागेल. नोव्हेंबर २००१ मध्ये २९९ डॉलरला आलेले एक्सबॉक्स सहा महिन्यांतच १९९ वर आणावे लागले, कारण सोनीने आदल्या दिवशी भाव उतरवला होता. युरोपात तर यंत्र निघाल्यापासून काही आठवड्यांतच कपात झाली. पहिल्या एक्सबॉक्समध्ये कंपनीने अब्जावधी डॉलर गमावले. संगणकाच्या धंद्यातून येणारा पैसा पाठीशी होता म्हणून ही पदरमोड तिला सोसली. सेगाला असा दुसरा आधार नव्हता. समान कपात दोन घरांत समान परिणाम करीत नाही. चुलीवर दुसरे भांडे आहे की नाही, यावर पुष्कळ अवलंबून असते.

थ्रीडीएस : एका धाडसी कपातीची कथा

आमच्या मते या विषयातील सर्वांत बोधप्रद प्रकरण निन्टेंडोच्या थ्रीडीएस या हातातील यंत्राचे आहे. चष्मा न लावता त्रिमितीय चित्र दिसावे, हे त्याचे वैशिष्ट्य. २६ फेब्रुवारी २०११ रोजी ते जपानमध्ये २५,००० येनला आणि मार्चअखेरीस अमेरिकेत सुमारे २५० डॉलरला विक्रीस आले. जपानमधील विक्री सुरू होऊन दोन आठवडे होतात न होतात तोच, ११ मार्चला तेथे महाभूकंप व त्सुनामीचा आघात झाला. परंतु अपयशाचे खापर केवळ आपत्तीवर फोडता येत नाही. आरंभी घेण्याजोगे खेळ थोडे होते. खेळ परस्पर उतरवून घेण्याचे ऑनलाइन दुकान जूनमध्ये सुरू झाले. त्याच जूनमध्ये सोनीने आपल्या अधिक शक्तिशाली व्हीटा या यंत्राची किंमत अमेरिकेसाठी २५० डॉलरच जाहीर केली. शिवाय स्मार्टफोनवर अत्यल्प किमतीचे किंवा विनामूल्य खेळ येऊ लागले होते.

एप्रिल ते जून २०११ या तीन महिन्यांत थ्रीडीएसची जगभरातील विक्री अवघी ७ लाख १० हजार झाली. वर्षाचे लक्ष्य मात्र १ कोटी ६० लाखांचे होते. २८ जुलै रोजी कंपनीने कपात जाहीर केली. जपानमध्ये २५,००० वरून १५,००० येन, अमेरिकेत २५० वरून १७० डॉलर. यंत्र निघून सहा महिनेही झालेले नव्हते आणि इतक्या लवकर इतकी खोल कपात निन्टेंडोने पूर्वी कधी केली नव्हती. यंत्र आता खर्चापेक्षा कमी किमतीला विकले जाऊ लागले. त्याच दिवशी कंपनीने वर्षाच्या नफ्याचा अंदाज ११० अब्ज येनवरून २० अब्ज येनवर आणला.

दोन गोष्टी येथे विशेष लक्षणीय आहेत. पहिली, कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचे वेतन निम्म्याने कमी केले आणि इतर संचालकांच्या वेतनातही कपात झाली. दुसरी, ज्यांनी पूर्ण किंमत मोजून यंत्र आधीच घेतले होते त्यांना भरपाई म्हणून वीस जुने खेळ विनामूल्य देण्यात आले. दहा फॅमिकॉमच्या पिढीतील आणि दहा गेम बॉय ॲडव्हान्सचे. जो ग्राहक पहिल्या दिवशी विश्वासाने येतो, त्यालाच सर्वाधिक किंमत पडावी आणि जो थांबतो त्याला स्वस्त मिळावे, यात एक अन्याय दडलेला आहे. तो अन्याय मान्य केला नाही, तर पुढच्या यंत्राच्या वेळी कोणीच पहिल्या दिवशी येणार नाही. वीस खेळांची भेट ही त्या विश्वासाची डागडुजी होती.

परिणाम काय झाला? कपातीनंतर विक्री उसळली. मात्र तिला खरे बळ आले ते नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, ‘सुपर मारिओ थ्रीडी लँड’ आणि ‘मारिओ कार्ट ७’ हे खेळ आले तेव्हा. मार्च २०१२ पर्यंतच्या वर्षात सुमारे १ कोटी ३५ लाख यंत्रे गेली. लक्ष्य हुकले, पण यंत्र जगले. त्याच वर्षी निन्टेंडोला ४३.२ अब्ज येनचा निव्वळ तोटा झाला. त्यात येनचे चढलेले मूल्य हेही एक कारण होते. २०१२ च्या मध्यापर्यंत उत्पादनखर्च खाली आला आणि यंत्र तोट्यात विकण्याची पाळी संपली. २०२० मध्ये उत्पादन थांबले, तेव्हा एकूण विक्री साडेसात कोटींच्या पुढे गेली होती आणि त्यावरील खेळांच्या ३८ कोटींहून अधिक प्रती खपल्या होत्या. पहिल्या वर्षाचा ताळेबंद पाहिला तर कपात आतबट्ट्याची ठरते. दहा वर्षांचा पाहिला तर तीच कपात कंपनीला तारणारी दिसते. कालमर्यादा बदलली की निष्कर्ष बदलतो, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे टिपून ठेवावे.

औषध तेच, रोग निराळा

थ्रीडीएसच्या अनुभवावरून कोणी म्हणेल की, विक्री मंदावली की भाव उतरवावा. त्याच कंपनीचे पुढचे उदाहरण हे अनुमान खोडून काढते. निन्टेंडोने २०१२ च्या अखेरीस वी यू हे यंत्र आणले. ते आधीच्या वी यंत्राचा एखादा जोडभाग आहे की स्वतंत्र नवे यंत्र, हेच पुष्कळ ग्राहकांना उमगले नाही. इतर कंपन्यांचे खेळ झपाट्याने आटले. सप्टेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत किंमत ३५० वरून ३०० डॉलर करण्यात आली. तरीही वर्षासाठी ठरवलेला ९० लाखांचा अंदाज जानेवारी २०१४ मध्ये २८ लाखांवर आणावा लागला. यंत्राची एकूण विक्री १ कोटी ३५ लाखांच्या आसपास थांबली; म्हणजे थ्रीडीएसने एका वर्षात गाठलेला आकडा वी यू ने सगळ्या आयुष्यात गाठला.

थ्रीडीएस लोकांना हवे होते, पण महाग वाटत होते. वी यू लोकांना हवेच नव्हते. पहिल्या रोगावर किंमत-कपात हे औषध आहे, दुसऱ्यावर नाही. किंमत ही ग्राहक आणि वस्तू यांच्यामधील भिंत असेल तर ती खाली केल्याने ग्राहक आत येतो. भिंतीपलीकडे त्याला काही दिसतच नसेल, तर भिंत पाडूनही उपयोग नाही.

आणि कपात न करता यश मिळू शकते, याचे उदाहरणही याच कंपनीने दिले होते. २००६ मध्ये आलेले वी हे यंत्र सुमारे २५० डॉलरला आणि खर्चाहून अधिक किमतीला विकले जात होते. अमेरिकेत त्याची पहिली कपात सप्टेंबर २००९ मध्ये झाली. तोवर जगभरात पाच कोटींहून अधिक यंत्रे खपली होती. हात हलवला की पडद्यावरची रॅकेट हलते, या साध्या कल्पनेने आजी-आजोबांपर्यंत ते पोहोचले. मागणी असेल तर किमतीला हात लावण्याची घाई नसते.

यातून काय निष्पन्न होते

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर मांडता येईल. कपात फळते, पण चार अटींवर. पहिली अट, उत्पादनखर्च खाली येत असला पाहिजे किंवा लवकरच येणार असला पाहिजे. प्लेस्टेशन २ हे त्याचे उदाहरण, सॅटर्न हे त्याच्या अभावाचे. दुसरी, भाव उतरल्यावर येणाऱ्या ग्राहकाला घेण्याजोगे खेळ तयार असले पाहिजेत. थ्रीडीएसला मारिओ मिळाला म्हणून कपात फळली. तिसरी, मधला तोटा सोसण्याइतकी शिल्लक हवी. मायक्रोसॉफ्टकडे ती होती, सेगाकडे नव्हती. चौथी, कपात वेळेवर झाली पाहिजे. स्पर्धक पुढे निघून गेल्यावरची कपात म्हणजे वरातीमागून घोडे.

याशिवाय एक गोष्ट आकड्यांत दिसत नाही, पण आम्हास ती सर्वांत महत्त्वाची वाटते. ती म्हणजे चुकलेल्या किमतीचा भार कोणावर पडतो. पुष्कळ ठिकाणी असा भार खालच्या पायरीवरच्या माणसावर ढकलला जातो. निर्णय वर होतो आणि नोकरी खाली जाते. २०१३ मध्ये भागधारकांच्या सभेत प्रश्न आला असता, तात्पुरत्या आकड्यांसाठी माणसे कमी केली तर उरलेल्यांचे मनोधैर्य खचते आणि चांगले काम होत नाही, अशी भूमिका इवाता यांनी मांडली. वी यू च्या अपयशानंतर २०१४ मध्ये त्यांनी पुन्हा काही महिन्यांसाठी आपले वेतन निम्म्यावर आणले. मोठ्या कंपनीच्या अध्यक्षाने वेतन अर्धे घेतल्याने ताळेबंद भरून निघत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु ज्याच्या सहीने किंमत ठरली त्याने आपल्या ताटातले आधी काढावे, या कृतीला हिशेबापलीकडचे मूल्य आहे. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज दुकान, कारखाना, पतसंस्था किंवा कार्यालय चालवतात, त्यांनी या प्रकरणातून एवढे जरी घेतले तरी हा अभ्यास सार्थकी लागेल.

आता भाव चढतो आहे

गेल्या काही वर्षांत मात्र चित्र पालटले आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ५ ची किंमत युरोप, जपान आदी अनेक बाजारपेठांत वाढवली. भारतातही त्याच वर्षी ती ४९,९९० रुपयांवरून ५४,९९० रुपये झाली. २०२५ मध्ये अमेरिकेतही सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेंडो या तिन्ही कंपन्यांनी जुन्या यंत्रांचे भाव चढवले. काळ जातो तशी चिप स्वस्त होते, या गृहीतावर किंमत-कपातीची सगळी शिडी उभी होती. ते गृहीतच आता पूर्वीसारखे खरे राहिलेले नाही. ‘थोडे थांबू, स्वस्त होईल’ हे ग्राहकाचे जुने शहाणपणही त्यामुळे डळमळले आहे.

दुसरीकडे मोबाइलवरील खेळांनी कपातीचे टोक गाठले आहे. तेथे खेळाची किंमत शून्य. आवळा आता फुकट दिला जातो आणि कोहळा नंतर काढला जातो. खेळातील नाणी, पोशाख, पुढच्या टप्प्याची किल्ली आणि जाहिराती यांतून. कन्सोलच्या काळात निदान ग्राहकाला दुकानात जाऊन, पैसे मोजून, खेळ हातात घ्यावा लागे. व्यवहार कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो हे दिसत असे. शून्य किमतीच्या खेळात ती रेषा पुसट होते. पालकांनी मुलाच्या हातून मोबाइल हिसकावून घेण्याआधी त्याच्याजवळ बसून एक प्रश्न विचारावा: हा खेळ बनवणाऱ्यांचे पगार कशातून निघत असतील? मूल त्याचे उत्तर शोधू लागले की ते केवळ खेळणारे राहत नाही, व्यवहार ओळखणारे होते. फसव्या ‘फुकट’पासून त्याचे रक्षण कोणत्याही कुलपापेक्षा ही ओळखच अधिक करील.

चर्चेसाठी प्रश्न

१. वरील काल्पनिक उदाहरणात खेळामागील मिळकत ५ ऐवजी ८ रुपये धरली, आणि प्रत्येक ग्राहक सहाच खेळ घेतो असे मानले, तर किंमत १०० वरून ९० केल्यावर नफा पूर्वीइतका राखण्यासाठी किती ग्राहक लागतील?

२. थ्रीडीएसची कपात फायद्याची होती की तोट्याची? आधी मार्च २०१२ च्या, मग २०२० च्या दृष्टिकोनातून उत्तर लिहा आणि दोन्ही उत्तरे वेगळी का येतात ते सांगा.

३. पूर्ण किंमत देऊन आधी वस्तू घेणाऱ्या ग्राहकाला नंतरच्या कपातीची भरपाई मिळावी का? आपल्या गावातील एखाद्या दुकानदाराशी बोलून त्याचे मत नोंदवा.

४. आपल्या घरातील मोबाइलवर असलेल्या एका ‘फुकट’ खेळात पैसे मागणाऱ्या जागा किती आहेत, ते आई-वडिलांसोबत बसून मोजा.